दारावर सापडलेली अक्षरे ठेवावीत की रंगवून टाकावीत? (महिंद्र एफसी-१५०, १९६८)

पंचगंगाकाठ

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९९४ पासून उभी असलेली आजोबांची पिकअप गेल्या महिन्यात पुन्हा स्वतःच्या इंजिनावर चालली. गाडी १९६८ ची महिंद्र एफसी-१५० आहे. ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की हिला जीपसारखे पुढे आलेले बॉनेट नसते. केबिन थेट पुढच्या चाकांवर बसते, इंजिन चालक आणि शेजारचा माणूस यांच्या मधोमध पत्र्याच्या झाकणाखाली असते, आणि त्यामुळे सीजे-५ जीपएवढ्याच ८१ इंची व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर) मागे सुमारे सहा फुटांचा हौदा मिळतो.

आजोबांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटली की शिमग्यापर्यंत ही गाडी करवीर, पन्हाळा आणि कागल तालुक्यांतून गुळाचे रवे (ढेपा) भरून सौद्याला आणत असे, आणि हंगाम सरला की पेंड, खत, कधी लग्नाची भांडी असे मिळेल ते वाहत असे. १९७३ नंतर पेट्रोल महागले तेव्हा अनेकांनी असल्या गाड्यांत डिझेल इंजिने बसवली. आजोबांनी तसे केले नाही, म्हणून मूळचे २.२ लिटरचे हरिकेन इंजिन आजही गाडीत आहे.

दोन वर्षांत बरेच काम झाले. उद्यमनगरात सिलिंडर बोअर करून घेतले, ब्रेकची चारही चाकांची सिलिंडरे बदलली, केबिनचा कुजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला, वायरिंग नव्याने ओढले. हौदा स्थानिक सुताराने बांधलेला लाकडी होता. त्याच्या बाभळीच्या फळ्या धुऊन-घासून तशाच ठेवल्या आहेत.

अडचण रंगाची आहे. डावीकडचे दार पाणी लावून पॉलिश पेपरने घासताना वरचा राखाडी थर गेला, त्याखालचा हिरवा गेला, आणि त्याखालून पिवळी अक्षरे दिसू लागली. मी तिथेच हात थांबवला. पुढचे दोन दिवस बोटाएवढ्या तुकड्याने घासत गेलो. लाल छाया दिलेल्या वळणदार अक्षरांत आजोबांच्या पेढीचे नाव, खाली 'गुळाचे अडत व्यापारी, शाहूपुरी', आणि त्याखाली दूरध्वनी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे. केबिनच्या माथ्यावरच्या फळीवर 'प्रायव्हेट कॅरियर' असेही उमटले आहे.

आता माझ्यापुढे तीन वाटा आहेत. दार आहे तसे ठेवावे, सगळे रंगवून तीच अक्षरे नव्याने काढून घ्यावीत, किंवा अक्षरे न ठेवता कारखान्यातून आली तशी एकरंगी गाडी करावी. रंगारी म्हणतो की दार तसेच ठेवले तर एवढे काम करूनही गाडी अर्धवट वाटेल. जाणकारांनी मत द्यावे.

लोखंडीपूल

दाराला हात लावू नका, एवढेच सांगतो. बाकीची गाडी पुन्हा रंगवता येईल, हे दार मात्र पुन्हा मिळणार नाही.

गॅरेज_सांगली

मी जुन्या गाड्यांच्या पत्र्याचे काम बावीस वर्षे करतो आहे, आणि वरचा प्रतिसाद मनापासून आलेला असला तरी अपुरा आहे. दार तसेच ठेवायचे म्हणजे त्याखालचा गंजही तसाच ठेवायचा, असे होता कामा नये.

पहिले काम म्हणजे दाराचा खालचा काठ तपासणे. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून खात येतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो, पण लोहचुंबक फिरवला की कुठे पत्रा आहे आणि कुठे नुसती पुट्टी आहे हे लगेच कळते. तळ गेला असेल तर आतल्या बाजूने नवी पट्टी जोडा. मात्र वेल्डिंग करताना सलग टाका मारू नका. थोडे थोडे टाके मारून मध्ये पत्रा थंड होऊ द्या, नाहीतर उष्णतेने वरची अक्षरे फुगून सुटतील.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अक्षरे टिकावीत म्हणून कोणी त्यांवर आजच्या पद्धतीचा दोन घटकांचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारायला सांगेल. तो मारू नका. त्यातल्या द्रावकाने जुना सिंथेटिक इनॅमल उठतो आणि सायीसारख्या सुरकुत्या पडतात. माझ्याकडे आलेले एक दार असेच गेले होते आणि त्याची हळहळ मला अजून आहे. आधी एका कोपऱ्यात, जिथे अक्षर नाही तिथे, कापसाच्या बोळ्याने चाचणी घ्या. माझ्या मते साधे पेस्ट वॅक्स वर्षातून दोनदा लावणे पुरेसे आहे.

ओहायोवासी

धागा वाचून फार आनंद झाला, कारण ही गाडी जिथे जन्मली त्या टोलेडो शहरापासून मी तासाभराच्या अंतरावर राहतो. विलीज या जीप बनवणाऱ्या कंपनीने एफसी-१५० तिथे १९५६ च्या अखेरीस आणली. तिचे रूप ब्रुक्स स्टीव्हन्स या औद्योगिक अभिकल्पकाचे. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६५ च्या सुमारास संपले आणि त्याच वर्षी महिंद्रने ती भारतात आणली. स्पेनमध्येही ती बनत असे. म्हणजे आपल्याकडे लोकांच्या स्मरणात आहे ती गाडी तिच्या माहेरी तोवर बंदही पडली होती.

इकडे जुन्या पिकअपच्या दारांवरच्या अक्षरांना फार मान आहे. १९४७ नंतरच्या शेव्हर्ले पिकअप घ्या. त्यांच्या दारांवर अजून कुठे बेकरीचे, कुठे नळदुरुस्तीच्या दुकानाचे नाव पुसटसे दिसते, आणि मालक ते जिवापाड जपतात. मात्र त्याचा एक वाईट परिणामही झाला आहे. आता लोक नव्याने रंगवलेल्या दारावर कधी अस्तित्वातच नसलेल्या दुकानांची नावे काढून घेतात आणि ती मुद्दाम घासून जुनी करतात. म्हणून तुमच्या दुसऱ्या पर्यायाला माझा विरोध आहे. तीच अक्षरे आज पुन्हा काढलीत, तर दहा वर्षांनी ती खरी होती हे कोणाला पटवून देणार?

काळा_कातळ

मला वेगळे वाटते आणि ते स्पष्ट मांडतो.

धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिले आहे की अक्षरांवर आधी हिरवा आणि मग राखाडी थर होता. म्हणजे आजोबांनी किंवा त्यांच्यानंतर कोणीतरी ती अक्षरे जाणूनबुजून झाकली होती. पेढीची वाटणी झाली असेल, नाव बदलले असेल, किंवा गाडी दुसऱ्या कामाला लावली असेल. हिरव्या रंगातही गाडीने काही वर्षे गूळच वाहिला असेल. मग १९७० च्या आसपासचा एक थर तेवढा खरा आणि बाकीचे थर घासून टाकण्याजोगे, हे कोणी ठरवले? आपण इतिहास जपतो आहोत असे म्हणताना आपल्याला आवडलेला थरच जपत असतो. त्यापेक्षा कारखान्याचा मूळ रंग द्यावा, हा पर्याय मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्याला निदान एक निश्चित कसोटी आहे.

पंचगंगाकाठ

@काळा_कातळ, तुमचा मुद्दा मला लागला, आणि तो चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. वडिलांना विचारले. १९७९ मध्ये भावाभावांत पेढीची वाटणी झाली. नाव थोरल्या आजोबांकडे गेले आणि गाडी आमच्या आजोबांकडे आली, म्हणून हिरवा रंग चढला. ही गोष्ट घरात आजवर कोणी उघडपणे बोलले नव्हते. दाराने ती बोलायला लावली.

उजवीकडच्या दारावरचे थर मी अजून घासलेले नाहीत. ते आता घासणार नाही.

हनसेट_पुणे

कामाच्या गाड्या जपण्याकडे आपले फार दुर्लक्ष झाले आहे. संस्थानिकांच्या मोटारी जपल्या गेल्या, कारण त्या पहिल्या दिवसापासून शोभेच्या होत्या. माल वाहणारी गाडी मात्र चालेनाशी होईपर्यंत राबते आणि मग तोलावर विकली जाते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोच्या तीनचाकी हनसेटने आपल्या भाषेला शब्द दिला. आज कोणत्याही छोट्या मालगाडीला आपण टेम्पो म्हणतो. पण मंडईत भाजी घेऊन येणारी ती हनसेट चालू स्थितीत दाखवा म्हटले, तर गावोगाव शोधावे लागते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या डॉज आणि फार्गो ट्रकांचेही तेच झाले. म्हणून तुमच्या गाडीचे महत्त्व तिच्या रंगाहून मोठे आहे. माझे मत पहिल्या पर्यायाला.

नियमावली

अक्षरांविषयी निर्णय घेण्याआधी कागदपत्रांचा विचार करावा, कारण माथ्यावरची ती दोन शब्दांची पाटी कायद्याच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मालवाहू गाड्यांचे 'पब्लिक कॅरियर' आणि 'प्रायव्हेट कॅरियर' असे दोन वर्ग होते. भाडे घेऊन इतरांचा माल वाहणारा तो पब्लिक कॅरियर. स्वतःचा माल, किंवा स्वतःच्या धंद्यासाठी आवश्यक असलेला माल वाहणारा तो प्रायव्हेट कॅरियर, मात्र तो धंदा वाहतुकीचा नसावा. अडत्याच्या हौद्यातला गूळ शेतकऱ्याचा असतो, पण तो वाहणे हा त्याच्या अडतीच्या धंद्याचाच भाग असतो. म्हणून तुमच्या आजोबांना हा परवाना मिळाला असणार. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि हे दोन्ही वर्ग गेले. त्यामुळे ही पाटी १९८९ पूर्वीची, हे नक्की धरा. जुनी नंबर पाटी सापडली तर तीही टाकू नका. त्या काळी खाजगी मोटारींना काळ्यावर पांढरी अक्षरे असत आणि व्यावसायिक गाड्यांना पांढऱ्यावर काळी.

आता आजचे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी आणि चारचाकी त्यांत येतात, पण व्याख्येत 'अव्यावसायिक, वैयक्तिक वापर' अशी अट आहे, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदणी केल्यास क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. अशी गाडी प्रदर्शन, विंटेज फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुमची नोंद मालवाहू वर्गात असेल, तर आधी ती खाजगी वर्गात बदलून घेण्याचा अर्ज करा, असा माझा सल्ला आहे. मूळ इंजिन टिकून असणे इथे तुमच्या फार उपयोगी पडेल.

पंचगंगाकाठ

मनापासून आभार. एका कार्यालयात मला 'एवढी जुनी मालगाडी भंगारातच काढा' असे उत्तर मिळाले होते आणि मी तिथून मान खाली घालून परत आलो होतो. आता नियम वाचून पुन्हा जाईन.

इगतपुरीचा_धूर

इंजिनाविषयी थोडे. आमच्याकडच्या एफसीत वडिलांनी इगतपुरीच्या कारखान्यात बनणारे प्युजोचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन बसवले होते. खर्च निम्म्यावर आला, पण आज ती गाडी मूळ स्वरूपात आहे असे मी म्हणू शकत नाही.

तुमच्या पेट्रोल इंजिनाला धोका इंधनाचा आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्या काळच्या रबराला ते सोसत नाही. इंधन पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

कमानपाटेही तपासा. एफसी-१५० ची माल धरून एकूण वजनमर्यादा ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो होती. गाडीचे स्वतःचे वजन वजा केले तर तीस किलोचे अठ्ठावीस-तीस रवे हा तिचा खरा भार. हंगामात कोणी तेवढ्यावर थांबत असेल, असे मला वाटत नाही.

पंचगंगाकाठ

चाळीस रवे भरत असत. उजवा पाटा दोन ठिकाणी तुटलेला निघाला.

रातराणी_इचलकरंजी

मला गाड्यांतले फारसे कळत नाही, पण माझे बाबा अशाच गाडीवर सोळा वर्षे चालक होते, म्हणून लिहिते आहे. ती गाडी एका बर्फाच्या कारखान्याची होती.

सगळ्यांनी मालकाच्या नावाविषयी लिहिले आहे. मला चालकाच्या जागेविषयी सांगायचे आहे. मधल्या इंजिनाच्या झाकणावर बाबा आईने दिलेला डबा फडक्यात गुंडाळून ठेवत, आणि दुपारी भाकरी गरम निघत असे. उन्हाळ्यात त्याच झाकणामुळे त्यांच्या डाव्या पोटरीवर घामोळे उठत आणि ती पावसाळा लागेपर्यंत जात नसत. मागे बर्फ आणि पुढे भट्टी, असे ते म्हणत. सुटीत मी सोबत गेले की ते उजवा कोपर खिडकीवर टेकवून गाडी हाकत. त्या जागी दाराचा रंग झिजून पत्रा आरशासारखा चकचकीत झाला होता. मी त्यात माझे तोंड पाहत असे. गाडी विकली तेव्हा बाबांना कोणी विचारले नाही, आणि विचारायला हवे होते असे त्यांनाही वाटले नाही.

तुमच्या गाडीच्या उजव्या दारावर, खिडकीच्या खालच्या काठावर, तशी जागा आहे का, ते कृपया पाहाल का? असेल तर ती रंगवू नका. नाव कोणाचेही असले तरी ती जागा गाडी चालवणाऱ्याची आहे.

काळा_कातळ

@रातराणी_इचलकरंजी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वर निश्चित कसोटीची भाषा केली होती. कारखान्याचा रंग हीच एक कसोटी, असे आता म्हणवत नाही. दोन्ही दारे आहेत त्या स्थितीत ठेवून बाकीची केबिन रंगवण्याला माझा विरोध राहिलेला नाही.

कुंचला

माझे वडील मिरजेत पेंटर होते. ट्रक, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती सगळे करत. त्यांच्या हाताखाली शिकलो म्हणून थोडे सांगतो.

लाल छाया दिलेले पिवळे अक्षर दोन बैठकांत होते. आधी दोरीला खडू लावून ती पत्र्यावर ताणायची आणि टिचकी मारून सरळ रेघ उमटवायची. त्या दोन रेघांत खारीच्या केसांच्या कुंचल्याने पिवळे अक्षर भरायचे. रंगात टर्पेंटाइन किती घालायचे हे हवेवर ठरते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त, नाहीतर कुंचला ओढतो. पिवळे पुरते वाळले की दुसऱ्या दिवशी लाल छाया. छाया सगळ्या अक्षरांना एकाच बाजूला पडली पाहिजे. ती डावीकडून की उजवीकडून, यावरून पेंटर ओळखू येत असे.

दाराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी काठाला लागून, भिंग घेऊन पाहा. पेंटर तिथे बारीक अक्षरांत सही करत. मालकाला ती खटकू नये इतकी लहान असे. तुम्ही तिथवर घासले नसाल तर कोरड्या कापडाने फक्त पुसा, पेपर लावू नका.

गॅरेज_सांगली

@कुंचला, अगदी बरोबर. आणि तळाची भोके मोकळी करताना आपण नेमके त्याच कोपऱ्यात हत्यार घालतो. धागाकर्त्यांनी सही पाहिल्याशिवाय तिथे काम सुरू करू नये. मी आधी सांगितलेली पट्टीही त्या कोपऱ्यापासून चार बोटे अलीकडे थांबवता येईल.

पंचगंगाकाठ

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. आठवडाभर कामात होतो.

सही आहे. कोपऱ्यात भाताच्या दाण्याएवढ्या अक्षरांत पेंटरचे नाव आणि त्याखाली '७१' असे आकडे. म्हणजे गाडी घेतल्यावर तीन वर्षांनी अक्षरे काढली. कुटुंबाला विचारल्याशिवाय नाव इथे देणे मला बरे वाटत नाही. चौकशी केल्यावर त्यांची मुलगी मंगळवार पेठेत राहते असे कळले. काल त्या येऊन दार पाहून गेल्या. छाया उजवीकडे पडलेली पाहून, 'हे आमच्या अण्णांचेच,' असे सही दाखवण्याआधीच म्हणाल्या.

उजव्या दाराचा काठही पाहिला. @रातराणी_इचलकरंजी, ती जागा आहे. राखाडी, हिरवा, मूळचा असे तिन्ही थर तिथे पाण्याच्या वलयांसारखे एकात एक झिजले आहेत आणि मधोमध रुपयाएवढा उघडा पत्रा आहे. आमच्याकडे जे चालक होते ते आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाला फोन केला आहे. रविवारी तो येईल आणि उद्यमनगरात गाडी त्यानेच चालवावी, असे मी त्याला सांगितले आहे. कागदांचा अर्ज मंजूर झालेला नाही, म्हणून शेडपासून कारखान्यापर्यंत गाडी ट्रेलरवरून जाईल आणि ती फेरी, ट्रेलरवरून उतरवल्यावर, कारखान्याच्या आवाराच्या आतच होईल.

दोन्ही दारांना फक्त मेण लावणार आहे. केबिनचा बाकीचा भाग आणि पुढचा पत्रा हिरवा करतो आहे, कारण वाटणीनंतर आजोबांनी तोच रंग निवडला होता. माथ्यावरची फळी तशीच राहील.

@इगतपुरीचा_धूर, नळ्या बदलल्या. आणि एक राहिले. हौद्याच्या फळ्या पुन्हा बसवताना मधल्या सांध्यात काळे, दगडासारखे घट्ट झालेले काहीतरी अडकलेले दिसले. सुतार पटाशीने ते काढणार होता. मी त्याला थांबवले. दुपारच्या उन्हात फळ्या तापल्या तेव्हा त्या सांध्याशी मुंग्यांची रांग लागली होती.

लोखंडीपूल

ती रांगही पुसू नका. रविवारचे छायाचित्र मात्र अवश्य टाका.